व्हिएन्ना : दुसऱ्या क्रमांकावर थांबलेलं गाणं आणि चाळीस वर्षांनी उघडलेल्या टेप्स

1979 चा उन्हाळा. ब्रिटनमध्ये सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, एकाएकी सगळ्यांना हवाहवासा झालाय. गॅरी न्यूमन नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा त्या यंत्राच्या जोरावर विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलाय. रेकॉर्ड कंपन्या तसाच आवाज काढणारे बँड शोधत हिंडतायत. आणि न्यूमन स्वतः अल्ट्राव्हॉक्स या ब्रिटिश बँडचं ऋण मोकळेपणाने मान्य करतोय.

त्या वेळी अल्ट्राव्हॉक्सकडे मात्र गायक नव्हता, गिटारवादक नव्हता आणि कंपनीही नव्हती.

आयलंड रेकॉर्ड्सने तीन अल्बमनंतर त्यांचा हात सोडला होता. त्यातला तिसरा, 1978 चा ‘सिस्टिम्स ऑफ रोमान्स’, पुढच्या कित्येक सिंथ बँडना वाट दाखवून गेला, पण खपला नाही. 1979 च्या सुरुवातीला स्वतःच्या खर्चाने अमेरिकेचा दौरा झाला आणि त्याच्या अखेरीला गायक जॉन फॉक्स बाहेर पडला. गिटारवादक रॉबिन सायमनही गेला. उरले तिघे : कीबोर्ड आणि व्हायोलिन वाजवणारा बिली करी, बासवर ख्रिस क्रॉस आणि ड्रमवर वॉरन कॅन. करी तर काही काळ न्यूमनच्याच ताफ्यात वाजवत होता.

चौथा माणूस आला स्कॉटलंडहून. मिज यूर. 1976 मध्ये ‘स्लिक’ या पॉप बँडबरोबर पहिला क्रमांक गाठलेला, नंतर पंकच्या वळणाच्या ‘रिच किड्स’मध्ये रमलेला, मध्येच थिन लिझीसारख्या दणदणीत रॉक बँडला अमेरिकेच्या दौऱ्यात हात दिलेला. यूर आणि करी यांची गाठ पडली ‘व्हिसाज’ या स्टुडिओपुरत्या जमलेल्या मंडळीत. एवढ्या वेगवेगळ्या घरचं पाणी प्यायलेला माणूस या थंड, बुद्धिवादी बँडमध्ये रुळेल का, अशी शंका अनेकांना होती. माझ्या मते तो तसा होता म्हणूनच हे जमलं. त्याला चाल कुठे उघडायची हे कळत होतं, आणि उरलेल्या तिघांना ती कुठे झाकायची हे.

हातात करार नसतानाच चौघे मंचावर उभे राहिले. नवी गाणी लोकांसमोर वाजवून घट्ट केली. मग क्रिसालिस रेकॉर्ड्सने दार उघडलं.

(दृश्य : लंडन, राक स्टुडिओ)

1980 च्या फेब्रुवारीत लंडनच्या राक स्टुडिओत ‘व्हिएन्ना’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं. निर्माता कॉनी प्लांक. जर्मनीत कोलोनजवळच्या एका खेड्यात, जुन्या शेतघरात त्याचा स्टुडिओ होता. क्राफ्टवर्क आणि नॉय! या जर्मन बँडचे सुरुवातीचे अल्बम त्याच्या हाताखालून गेले होते. मिक्सिंगसाठी, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्यासाठी, टेप्स तिकडेच गेल्या. आवाजाभोवती मोकळी जागा ठेवायची, ही प्लांकची खोड. या अल्बमचा जीव त्या मोकळ्या जागेत आहे.

शीर्षकगीतच घ्या. सुरुवातीला ड्रम मशीनचा संथ ठोका, त्यावर एक मोठा, खोलवर घुमणारा आघात. बराच वेळ दुसरं जवळजवळ काहीच नाही. मग यूरचा आवाज, अगदी खालच्या पट्टीत, आणि पाठोपाठ पियानो. या पियानोबद्दल प्लांकच्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं : रिकाम्या, जुन्या नृत्यगृहात बसलेला एक म्हातारा, चाळीस वर्षं तीच एक धून वाजवत आलेला. करीने नेमकं तसंच वाजवलं. दमलेलं, तरी थांबता न येणारं.

करी मूळचा हडर्सफील्डचा. शास्त्रीय पद्धतीने व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं जरा मोठं, खालच्या सुरातलं भावंड, शिकलेला. गाण्याच्या मध्यावर लय अचानक धावू लागते आणि त्याचा व्हायोला शिरतो. 1980 च्या पॉप संगीतात असं काही कोणी करत नव्हतं. पुन्हा लय मंदावते आणि सगळं मूळ ठोक्यावर येऊन टेकतं. गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर समान आहे, आणि हे गाणं ऐकताना ते पटतं. त्यातला एकही माणूस वगळला तर गाणं उभं राहत नाही.

अल्बमची सुरुवातही धाडसाचीच. ‘अ‍ॅस्ट्राडाइन’ ही सात मिनिटांची, गायनच नसलेली रचना. नवा गायक आणलाय आणि पहिल्याच ट्रॅकमध्ये तो गात नाही! ‘न्यू युरोपियन्स’मध्ये गिटार दात-ओठ खाऊन वाजते, ‘स्लीपवॉक’मध्ये करीचा एआरपी ओडिसी सिंथेसायझर किंचाळतो, आणि ‘मिस्टर एक्स’मध्ये माइकसमोर चक्क ड्रमर येतो : वॉरन कॅन, सपाट, निर्विकार आवाजात बोलत जाणारा. हा नुसत्या यंत्रांचा बँड कधीच नव्हता. ड्रम, बास, गिटार हे रॉकचं हाड शाबूत होतं. सिंथेसायझर त्यावर चढलेलं मांस होतं. त्यांना सरसकट ‘सिंथपॉप’च्या खात्यात टाकणं मला म्हणूनच पटत नाही.

अल्बम जुलै 1980 मध्ये आला. ‘स्लीपवॉक’ पहिल्या तिसांत पोचलं, ‘पासिंग स्ट्रेंजर्स’ मागेच राहिलं. शीर्षकगीत सिंगल, म्हणजे सुटी रेकॉर्ड, म्हणून काढायला कंपनी बिचकत होती. पावणेपाच मिनिटांचं, संथ, त्यात व्हायोला! बँड हटून बसला, आणि जानेवारी 1981 मध्ये ते बाजारात आलं.

(दृश्य : काळी-पांढरी रात्र, दगडी चौक, धुकं)

गाण्याच्या व्हिडिओतलं हे शहर व्हिएन्ना वाटतं ना? यातला मोठा भाग लंडनचा आहे. कॉव्हेंट गार्डन आणि किलबर्नचं जुनं गॉमाँट स्टेट थिएटर. दिग्दर्शक रसेल मुलकाही. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून त्याने सिनेमाचा पडदा टीव्हीवर आणला. खर्च बँडने स्वतःच्या खिशातून केला. नंतर मंडळी खरोखर व्हिएन्नाला गेली आणि तिथल्या मध्यवर्ती दफनभूमीत चित्रीकरण केलं. व्हिडिओत दिसणारा तिथला पुतळा पियानो बनवणाऱ्या कार्ल श्वाइगहोफरच्या थडग्यावरचा आहे.

गाणं दुसऱ्या क्रमांकावर चढलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं. पहिल्या आठवड्यात वर जॉन लेननचं ‘वुमन’ होतं. डिसेंबरमध्ये त्याची हत्या झालेली, देश शोकात; त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पुढचे तीन आठवडे मात्र वर बसलं होतं जो डॉल्चेचं ‘शडप यू फेस’ हे विनोदी गाणं. ही सल ब्रिटिश श्रोत्यांनी इतकी वर्षं जपली की 2013 मध्ये, बीबीसी रेडिओ 2 च्या श्रोत्यांनी दिलेल्या कौलानंतर, ‘व्हिएन्ना’ला मानाचा पहिला क्रमांक देण्यात आला. अल्बम तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. वर्ष-दीड वर्षापूर्वी ज्यांना कोणी विचारत नव्हतं, ते आता घराघरांत वाजत होते.

आता येऊ 2020 मध्ये. त्या ऑक्टोबरात क्रिसालिसने चाळीस वर्षांनिमित्त अल्बमचा मोठा संच काढला. जुने अल्बम पुन्हा निघतात ते बहुतेकदा रीमास्टर होऊन : तयार मिश्रण जरा स्वच्छ करायचं, जरा चढवायचं, आणि नवं वेष्टन. 2008 मध्ये याच अल्बमची तशी आवृत्ती निघाली होती. यावेळी मूळ मल्टिट्रॅक टेप्स बाहेर काढल्या गेल्या. म्हणजे ड्रम वेगळा, बास वेगळा, पियानो वेगळा, आवाज वेगळा. त्या स्टीव्हन विल्सनच्या हाती गेल्या. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा हा संस्थापक किंग क्रिम्झन, एक्सटीसी अशांचे जुने अल्बम नव्याने मिसळण्यासाठी नावाजलेला. त्याने नवं स्टिरिओ मिश्रण केलं आणि चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचं 5.1 सराउंडही.

हे काम जोखमीचं. प्लांक 1987 मध्येच गेला. त्याला विचारायची सोय नाही. हात जास्त फिरला तर ती मोकळी जागाच बुजायची. विल्सनने संयम पाळला. एकमेकांत मिसळून गेलेले थर सुटे झाले, पण गाण्यांचा तोल ढळला नाही.

संचात सेंट अल्बन्सला ऑगस्ट 1980 मध्ये झालेला कार्यक्रम आणि तालमींच्या कॅसेट्सही आहेत. या कॅसेट्सचा आवाज खरखरीत, मातकट. मला मात्र सगळ्यात मोलाच्या त्याच वाटतात, कारण त्यात गाणी अजून ठरलेली नाहीत. चार माणसं एका खोलीत बसून वाट काढतायत. त्यातला ख्रिस क्रॉस पुढे संगीत सोडून मानसोपचारतज्ज्ञ झाला आणि मार्च 2024 मध्ये वारला.

हा अल्बम पहिल्यांदाच ऐकणार असाल तर आधी प्लांकचं 1980 चं मिश्रण लावा, तेही ‘अ‍ॅस्ट्राडाइन’पासून, मधलं काही न गाळता. विल्सनचं त्यानंतर, हेडफोन लावून.