बरगडीखाली चमक भरली तर

श्रोतेहो, नमस्कार.

पळता पळता बरगडीच्या खाली, बहुतेकदा उजव्या कुशीत, अचानक कळ येते. श्वास घेतला की टोचतं, पाऊल टाकलं की टोचतं. हात आपोआप तिथं जातो आणि माणूस वाकून उभा राहतो. आज मी या चमकेबद्दल बोलणार आहे.

नाशिककरांना पळण्याचं वेगळं कौतुक सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर गेलात तर चालणारे काका-काकू दिसतात, शाळेची मुलं दिसतात आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी तर हमखास दिसतात. भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. एकेका सेकंदाला गुण असतात, त्यामुळे ऐन धावेत कुशीत कळ आली की त्या मुलाच्या पोटात गोळाच येतो. त्यात बाजूनं कुणीतरी ओरडतं, ‘दमच नाही तुझ्यात!’

हे ओरडणं बंद व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. या चमकेचा संबंध दम कमी असण्याशी जोडणं बरोबर नाही. डॅरन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी या एकाच दुखण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २०१५ साली त्यांनी सगळं संशोधन एकत्र मांडलं. वर्षभराचा हिशोब केला तर धावणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना ही चमक कधी ना कधी येते. एखाद्या मोठ्या शर्यतीत दर पाच जणांमागे एकाला येते. बाई की पुरुष, जाड की बारीक, यानं फरक पडत नाही. वयानं मात्र पडतो: तरुणांना ती जास्त येते, वय वाढेल तशी कमी होते. सराव वाढला की ती येण्याचं प्रमाण घटतं, पण चांगले कसलेले धावपटूही तिच्यातून सुटलेले नाहीत.

मग ती येते कशानं? पूर्वी सांगायचे, की श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, रक्त कमी पडतं. पण चमक आलेली असताना मोजून पाहिलं, तर श्वासाच्या क्षमतेत घट दिसली नाही. दुसरं म्हणणं असं, की पावलागणिक यकृत आणि जठर हिसके खातात आणि त्यांना धरून ठेवणारे बंध ताणले जातात. पण पोहणाऱ्यांनाही ही चमक भरपूर येते, आणि पाण्यात कुठले आलेत पावलांचे हिसके? आज सर्वांत पटणारं कारण पोटाच्या आतल्या अस्तराचं आहे. कोटाला आतून असावं तसं पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. जठर भरलेलं असलं आणि धड सारखं हलत, वळत राहिलं, की हे अस्तर घासलं जातं, चिडतं. ते दुखण्याला फार हळवं असतं, म्हणून कळ इतकी नेमकी लागते की बोट ठेवून जागा दाखवता येते.

काहींना याच वेळी खांद्याच्या टोकालाही दुखतं आणि ते घाबरतात. श्वासपटलाला आणि त्याखालच्या अस्तराला जाणारा मज्जातंतू मानेतून निघतो. खांद्याची संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवर पोहोचते. त्यामुळे दुखतं पोटात आणि मेंदूला वाटतं खांद्यात. मात्र छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, चक्कर असं काही झालं तर ती ही चमक समजू नका. तिथल्या तिथे थांबा आणि थेट दवाखाना गाठा.

आता खाण्यापिण्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त आपल्या हातात तेच आहे. पळण्याआधी निदान दोन तास पोटभर खायचं नाही. रविवारी मिसळ खायचीच असेल, तर आधी पळा आणि मग हादडा, अगदी दुसरा पाव घेऊन. पाण्याचंही तसंच. निघताना तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं की ते पोटात डुचमळत राहतं. उन्हाळ्यात पाणी हवंच, पण दिवसभर पीत राहा आणि पळताना घोट-घोट घ्या. गोड रस सगळ्यात वाईट. प्रयोगात साध्या पाण्यापेक्षा फळांच्या गोड रसानं ही चमक जास्त उठली, कारण इतकं गोड पेय जठरातून लवकर पुढे सरकत नाही. ताकद येईल म्हणून धावेच्या आधी उसाचा रस किंवा डबाबंद ज्यूस पाजणाऱ्या पालकांनी हे जरूर ऐकावं. माया खरी असते, पण वेळ चुकते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ज्यांच्या पाठीला जास्त बाक असतो, त्यांना ही चमक जास्त येते आणि जोरात येते. दिवसभर अभ्यासिकेत पुस्तकावर वाकून बसायचं आणि संध्याकाळी तसंच वाकलेलं पळायचं, हे आपल्या भरतीच्या मुलांचं रोजचं आहे. पाठ मोकळी करायचे व्यायाम करा, पळताना छाती उघडी आणि नजर समोर ठेवा.

आणि भर धावेत कळ आलीच तर? वेग कमी करा, फार झालं तर चाला. दुखऱ्या जागी दोन-तीन बोटं टेकवून आत दाबा आणि कमरेतून किंचित पुढे वाका. नाकानं सावकाश खोल श्वास घ्या, ओठांचा चंबू करून तो पूर्ण सोडा. असे काही श्वास झाले की बहुतेकांची कळ ओसरते. थांबलेलेच असाल तर दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावरून नेऊन दुसऱ्या बाजूला झुका, कूस ताणली जाऊ द्या. उजवीकडे दुखत असेल तर डावं पाऊल पडताना श्वास सोडायचा, असंही बरेच धावणारे करतात. त्याला भक्कम पुरावा नाही, पण करून बघायला काही हरकत नाही, निदान श्वास लयीत येतो. सुरुवातीचा वेग मात्र आवरा. पहिल्याच फेरीत जीव तोडून सुटलं की श्वास उथळ होतो आणि पुढची लय बसता बसत नाही.

ही चमक पळणं थांबवल्यावर काही मिनिटांत जाते, क्वचित थोडा ठणका मागे राहतो. जी कळ थांबल्यावरही जात नाही, न पळताही येते, जिच्यासोबत ताप किंवा उलटी असते, किंवा जी पोटाच्या उजव्या बाजूला अगदी खाली सरकून वाढत जाते, ती डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. अपेंडिक्सचं दुखणं असंच अंगावर काढलं जातं. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना आणि अकॅडमीतल्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे, की मूल कूस धरून थांबलं तर आधी त्याला विचारा, नेमकं कुठं दुखतंय आणि शेवटचं कधी आणि काय खाल्लं होतं.

नमस्कार.