पावसाखाली मांडलेलं शहर

श्रोतेहो, नमस्कार.

1929 साली योरिस इव्हन्स आणि मानुस फ्रांकन या दोघा डच दिग्दर्शकांनी अ‍ॅमस्टरडॅम शहरावर एक छोटा माहितीपट केला. नाव ‘रेगेन’, म्हणजे पाऊस. जेमतेम बारा मिनिटांचा, मूकपट. निवेदक नाही, नायक नाही, गोष्टही नाही. आधी कोरडं शहर, कालवे, छपरं. मग वारा सुटतो. कालव्याच्या पाण्यात थेंब पडतो, वर्तुळ उमटतं. छत्र्या उघडतात, खिडक्या मिटतात, ट्रामच्या काचेवरून ओघळ उतरतात. शेवटी उघडीप.

बघताना वाटतं, ही एकच सर. पण ती कितीतरी वेगवेगळ्या दिवसांच्या पावसातून जुळवलेली आहे. इव्हन्स महिनोन् महिने कॅमेरा सोबत बाळगून पावसाची वाट बघत राहिले.

पावसाची वाट बघणं लातूरकराला कुणी शिकवायला नको. मी हा माहितीपट पाहिला तो मे महिन्यात, नळाला नवव्या दिवशी पाणी यायचं तेव्हा. पहिला थेंब पडला आणि माझे डोळे भरून आले.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून आमच्याकडे रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलं होतं, पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती. देशभरचे कॅमेरे लातुरात आले. त्यांनी रिकामे हंडे दाखवले, रांगा दाखवल्या. ते खोटं नव्हतं. पण प्रत्येक चित्रावर कुणीतरी बोलत होतं, आणि त्या बोलण्याखाली हंड्याचा आवाज काही ऐकू आला नाही.

म्हणून वाटतं, लातूरवर असा एक माहितीपट व्हावा. आमच्या गंजगोलाईला, म्हणजे शहरातल्या गोल बाजारपेठेला, सोळा रस्ते येऊन मिळतात. जूनमध्ये, आभाळ भरून आलेल्या एखाद्या दुपारी कॅमेरा तिथं मांडावा. सगळ्यात आधी मिरचीवाला धावेल, पोत्यांवर ताडपत्री ओढेल. चपलांच्या दुकानात बाहेर टांगलेले जोड आत जातील. सराफ गादीवरून उठायचा नाही. पत्र्यावर टपटप सुरू होईल, आणि मागच्या गल्ल्यांतून बादल्या, घागरी, भगुणी निघतील, पन्हाळीखाली मांडली जातील. अ‍ॅमस्टरडॅममध्ये पाऊस आला की छत्र्या उघडतात. आमच्याकडे भांडी बाहेर येतात. प्रत्येक भांड्याचा सूर निराळा, आणि भांडं भरत आलं की तोही पालटतो.

‘रेगेन’साठी हान्स आइस्लर यांनी 1941 साली संगीत रचलं, नाव ‘पावसाच्या वर्णनाच्या चौदा तऱ्हा’. आमच्या माहितीपटाला मात्र भांड्यांचाच आवाज ठेवा, वर निवेदन घालू नका, एवढी विनंती. आईचं पितळी पातेलं अजून घरात आहे. चित्रीकरणाला ते मी देईन.