एसीचा गॅस गेला कुठे?

(दृश्य: सिंहगड रोडवरचं एक गॅरेज, एप्रिलची दुपार. बॉनेट उघडं, पाइपांना निळी आणि लाल नळी लावलेली.)

"दादा, गॅस कमी झालाय. टॉपअप मारून देतो, बाराशे होतील."

ऊन तापायला लागलं की पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात हे ऐकू येतं. पंधरा मिनिटांत काम होतं, जाळीतून गार वारा येतो, गाडी निघून जाते. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी पुन्हा त्याच जागी उभी.

पेट्रोल जळतं, इंजिन ऑइल काळं पडतं, ब्रेक पॅड झिजतात. एसीचा गॅस यातलं काहीच करत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून सुटताना तो गारठतो आणि कुलिंग कॉइलमध्ये केबिनची उष्णता घेऊन परत कंप्रेसरकडे येतो. तोच गॅस, वर्षानुवर्षं. रबरी होज आणि शाफ्ट सीलमधून थोडासा झिरपतो, तेवढं धरलेलंच असतं. सात-आठ वर्षांच्या गाडीत गॅस थोडा उतरला तर नवल नाही. पण एका वर्षात कुलिंग गेलं, तर गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस हवेतच जाणार.

(दृश्य: बॉनेटच्या आतल्या बाजूचं स्टिकर, जवळून.)

हे स्टिकर नीट वाचा. गॅस कोणता आणि किती ग्रॅम, दोन्ही इथे छापलेलं असतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो. छोट्या हॅचबॅकला साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम लागतात. मागेही कॉइल असलेल्या सात सीटरला सातशे-आठशे, कधी त्याहून जास्त. बाजारातला छोटा कॅन मात्र साधारण ४५० ग्रॅमचा. "फुल कॅन मारला" या वाक्यातून काहीच कळत नाही: हॅचबॅकला तो जास्त होतो, सात सीटरला निम्मा पडतो.

त्या कॅनची किंमत काही शे रुपये. बाकीचे पैसे कामाचे असतात, आणि ते काम झालं की नाही हे बघणं तुमच्या हातात आहे. पुण्यात नुसत्या टॉपअपला साधारण आठशे ते पंधराशे घेतात. जुना गॅस काढून, व्हॅक्यूम करून (म्हणजे आतली हवा पंपाने ओढून), ऑइलसकट मोजून भरायला अठराशे ते तीन हजार. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जीएसटी धरून यापेक्षा हजारभर जास्त. गाडीप्रमाणे आकडा हलतो. पण टॉपअप आणि पूर्ण काम यांतला हजार-दीड हजाराचा फरक वाचवण्यासारखा नाही.

(दृश्य: स्प्रे बाटलीतून साबणाचं पाणी. कॅमेरा लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या बाजूच्या, सर्व्हिस व्हॉल्व्हवर.)

गळती शोधताना पहिल्यांदा डोळे वापरायचे. गॅसबरोबर ऑइलही फिरत असतं, त्यामुळे गॅस सुटतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. जाड पाइपवरच्या या व्हॉल्व्हची टोपी काढली. कडेला काळपट चिकट कडं आहे. त्यावर साबणाचं पाणी मारलं. सुरुवातीला काही नाही. मग मधल्या पिनेशी मोहरीएवढा एक बुडबुडा, तो फुगतो, फुटतो, मागून दुसरा. ही पीन म्हणजे व्हॉल्व्ह कोर, तो नाना पेठेत किरकोळ पैशांत मिळतो. दर वर्षीचे बाराशे एवढ्याशा पिनेतून निघून जात असतात.

दुसरी जागा म्हणजे सांध्यांतल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. कडक झाल्या की सुटतात. त्याही स्वस्त. तिसरी, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर. खडी उडून त्याच्या पातळ नळीला भोक पडतं. इथे खर्च चार ते आठ हजारांवर जातो. बऱ्याच नव्या गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्याच कडेला बसवलेला असतो, तो त्यासोबत बदलला जातो. वेगळा असेल तर सिस्टीम उघडल्यावर ड्रायर बदलायलाच हवा, कारण आतले ओलावा शोषणारे दाणे उघड्या हवेत लवकर भरून जातात.

सगळ्यांत खर्चिक गळती डॅशबोर्डच्या आतल्या कुलिंग कॉइलची. पाला, धूळ आणि सततचा ओलावा यांनी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कॉइलपेक्षा मजुरी जड, कारण बऱ्याच गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि त्यातच दिवस जातो. उतरवण्याआधी खात्री करून घ्या: लीक डिटेक्टरचं टोक पाणी निघणाऱ्या नळीपाशी धरलं, किंवा आधी गॅससोबत चमकणारा रंग (डाय) टाकून त्या पाण्यावर यूव्ही टॉर्च मारला, तर कळतं.

(दृश्य: नायट्रोजनचा सिलिंडर, मग व्हॅक्यूम पंप.)

काही जण फक्त व्हॅक्यूम धरून "लीक नाही" सांगतात. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा जेमतेम १४ पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं माप) आत दाबते. चालू एसीत हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, दोनशे-अडीचशे पीएसआय असतात. दाबाखाली उघडणारी भेग व्हॅक्यूमला दिसत नाही. म्हणून आधी कोरडा नायट्रोजन, साधारण १५० पीएसआय, आणि काटा हलतो का ते बघायचं. टायरची हवा वापरायची नाही. तिच्यात ओलावा असतो.

मग व्हॅक्यूम, किमान अर्धा तास. हे काम हवा काढण्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त पाणी काढण्यासाठी. दाब इतका उतरला की आतलं पाणी गॅरेजच्या तापमानालाच उकळून वाफ होऊन निघतं. पाणी राहिलं तर ऑइल बिघडतं, आतून गंज धरतो आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हवर बर्फ धरून कुलिंग मधेच बंद पडतं. एक बारकावा: पुस्तकात व्हॅक्यूम जवळजवळ तीस इंच (पाऱ्याचे) लिहिलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे साध्या गेजवर काटा अठ्ठावीसच्या आसपासच थांबतो. पंपाचा दोष नाही. पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा तिथेच राहतो का, ते महत्त्वाचं.

(दृश्य: वजनकाट्यावर गॅसचा सिलिंडर. आकडे उतरताना.)

आता गॅस, वजनावर. तीनशे ऐंशी, म्हणजे तीनशे ऐंशी. दाब बघून अंदाजाने भरलेला गॅस बरोबर बसेलच असं नाही. सिस्टीम बंद असताना आत थोडासा जरी द्रव असेल तरी दाब तापमानावर ठरतो, मात्रेवर नाही. तीस अंशाला आर-१३४ए सुमारे ९७ पीएसआय दाखवतो, मग आत दोनशे ग्रॅम असोत की चारशे. गॅस जास्त झाला तर हाय साइडचा दाब चढतो, कुलिंग उलट कमी होतं, प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो. गॅस कमी असताना महिनोन् महिने चालवलं तर त्याहून वाईट. ऑइल गॅसच्या जोरावर परत येतं. गॅस नसेल तर कंप्रेसर कोरडा फिरतो, जाम होतो आणि त्याचा धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत जातो. मग बिल वीस-तीस हजारांच्या पुढे.

जुना गॅस काढताना तो हवेत सोडणारी गॅरेजं अजूनही आहेत, आणि हे थांबायलाच हवं. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरली जाते. एक ४५० ग्रॅमचा कॅन हवेत सोडणं म्हणजे सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळणं. कोल्हापूरच्या नऊ जाऊन-येऊन फेऱ्या. जुना गॅस ओढून साठवणारं रिकव्हरी मशीन असलेलं गॅरेज निवडा.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल तर ऑइल आधी विचारा. त्यांच्या कंप्रेसरमध्ये मोटर आतच असते, म्हणून वीज न वाहणारं पीओई ऑइल लागतं. नेहमीचं पीएजी मिसळलं तर इन्सुलेशनचा दोष येऊन कंप्रेसर बंद होतो.

(दृश्य: हिंजवडीचा सिग्नल, गाड्यांची रांग.)

गॅस भरायला जाण्याआधी दोन गोष्टी घरीच बघा. एक्सप्रेसवेवर गार आणि हिंजवडीच्या रांगेत गरम, तर पुढचा पंखा आणि मातीने भरलेला कंडेन्सर आधी तपासा. उभ्या गाडीत कंडेन्सरला वारा फक्त त्या पंख्याचा. आणि वाराच कमी येत असेल, तर गॅसचा संबंधच नाही. ग्लव्ह बॉक्समागचं केबिन फिल्टर काढा. तीन-चारशेचं काम.

(दृश्य: मधल्या जाळीत थर्मामीटर.)

काम झाल्यावर काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, इंजिन पंधराशे आरपीएमवर. पाच-सात मिनिटांत मधल्या जाळीत आठ-दहा अंशांच्या आसपास यायला हवं. बिलावर तीन आकडे लिहून घ्या: किती ग्रॅम निघाला, किती भरला, ऑइल किती मिली टाकलं. निघालेला आकडा पुढच्या वेळी उपयोगी पडतो. गळतीचा वेग त्यावरूनच कळतो.

आणि बॉनेट लावण्याआधी दोन्ही व्हॉल्व्हच्या टोप्या हाताने फिरवून घट्ट करा.