एप्रिल छाटणीचे पैसे

मंडळी, मी वक्ता नाही, खजिनदार आहे. नोकरी बँकेत केली आणि निवृत्तीनंतर एका छोट्या संस्थेच्या वह्या गळ्यात पडल्या. ही संस्था नाशिकच्या पंचवटी आणि सातपूर भागांतल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी उन्हाळ्यात शिबिरं भरवते. तेव्हा संस्कार, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे ऐकायला कोणी आलं असेल तर आधीच माफी मागतो. मी पैशांबद्दल बोलणार आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे, सहावी ते आठवीला २२०. उरलेले दिवस कोणाच्या खात्यावर, हे कायदा सांगत नाही. सणवार, रविवार सोडून द्या, पण मे महिना आणि अर्धा जून हा सलग पट्टा आहे. गंगापूर रोडच्या बाजूला या दिवसांत पोहणं, स्केटिंग, अबॅकस, रोबोटिक्स असं सगळं मिळतं, फी भरली की झालं. वस्तीतली आई चार घरची धुणीभांडी करायला सकाळी सातला बाहेर पडते आणि दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत पत्र्याखाली बसते. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, पण घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावला तर चालेल, असं त्यात आहे. कायद्यानं गरिबाच्या मुलाच्या सुट्टीची दखल घेतली ती अशी.

आणि खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. शाळेला कुलूप लागलं की पातेलंही थांबतं. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलं, पण ते दुष्काळी भागांपुरतं. म्हणून ‘शिबिरात काय शिकवता?’ असं कोणी विचारलं की मी म्हणतो, आधी मटकीची उसळ.

आता रुपये. पन्नास मुलं, वीस दिवस. नाश्ता माणशी तीस रुपये धरला तर तीस हजार. चार ताई-दादा, रोजचं पाचशे मानधन, ते चाळीस हजार. कागद, रंग, चेंडू, औषधाची पेटी यांना दहा हजार. बेरीज ऐंशी हजार, म्हणजे एका मुलाला दिवसाला ऐंशी रुपये. रक्कम ऐकून लोक म्हणतात, एवढंच ना, मग अडतं कुठे?

अडतं तारखेवर. एका वर्षी आम्हाला एका कारखान्याकडून घसघशीत देणगी आली, २८ मार्चला. सोबत निरोप: ३१ तारखेपर्यंत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामाला लागल्याचा दाखला, द्या. मुलांच्या परीक्षा तोंडावर, शिबिर सुरू व्हायला महिना. तीन दिवसांत काय खर्च करणार? मेन रोडवर गेलो आणि साठ कॅरम बोर्ड आणले. बिलं चोख, फोटो चोख. मे महिन्यात ताईंना द्यायला पैसे नव्हते, म्हणून शिबिर वीसाऐवजी नऊ दिवसांत आटोपलं. मुलं कॅरम मात्र छान खेळायला लागली.

हे मार्चएंडचं भूत कायद्यानं तेवढं मोठं केलेलं नाही, जेवढं आपण केलंय. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, त्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे, त्यालाच सीएसआर म्हणतात. पण २०२१ पासूनचे नियम वाचा. प्रकल्प एकाहून जास्त वर्षांचा ठरवला, तर न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. शिबिर दर वर्षी होणारच असतं, मग ते तीन वर्षांचा प्रकल्प म्हणून मंजूर करायला काय हरकत आहे?

दुसरा गैरसमज पाच टक्क्यांचा. प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, हे ऐकून देणारे मानधनाला हात लावू देत नाहीत. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चाला आहे. मुलांना शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. टी-शर्टला पैसे मिळतात, बॅनरला मिळतात, ताईला मिळत नाहीत. आणि शिबिर चालतं ते ताईमुळे. सकाळी आठला ती गल्लीत जाऊन ‘चल गं, केस विंचर, निघू’ म्हणते, तेव्हा मूल येतं.

हजेरीला मी एवढं का धरून बसलो, तर त्याला आधार आहे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९८२ पासून सुमारे आठशे मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्या संशोधकांनी नळाची उपमा दिली. शाळा चालू असते तोवर नळ सगळ्यांना सारखा, सुट्टीत तो बंद होतो. ज्याच्या घरात टाकी आहे त्याचं भागतं, ज्याच्याकडे हंडा त्याचं नाही, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको. पुढे नव्या चाचण्यांवर तपासलं तेव्हा ती दरी तितकी स्पष्ट दिसली नाही, म्हणून मी तो अभ्यास झेंड्यासारखा मिरवत नाही. पण तिथल्याच पाच शहरांतल्या उन्हाळी वर्गांची नंतर पाहणी झाली. त्यात गणितात ठळक फायदा दिसला तो वीस किंवा जास्त दिवस आलेल्या मुलांना. आमचं नऊ दिवसांचं शिबिर आठवलं की मला तो आकडा टोचतो.

तिथेही पैशाची रड आहेच. २०२१ च्या कोविड मदत कायद्यानं राज्यांना मिळालेल्या शालेय निधीतला किमान १ टक्का उन्हाळी उपक्रमांसाठी राखायला लावला. २०२४ च्या सप्टेंबरात त्या निधीची मुदत संपली. कालव्याला एकदाच येणारं पाण्याचं आवर्तन ते.

आवर्तन म्हटलं की इथे समोर बसलेले दिंडोरी, निफाडकडचे शेतकरी हसतात. त्यांना माझं गाऱ्हाणं दोन वाक्यांत कळतं. द्राक्षबागेची छाटणी दोनदा होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड दिसतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. पण पुढच्या हंगामाचा घड काडीत धरतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, ऐन उन्हात, वेलीवर बघण्यासारखं काहीच नसताना. त्या वेळी बागेच्या देखभालीत हात आखडला, तर ऑक्टोबरात कितीही ओता. शेतकरी त्याची तजवीज आधीच करून ठेवतो. आम्ही शहरातले लोक मात्र मे महिन्याचा विचार एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात करतो.

महापालिकेचंही थोडं बोलतो. शाळांच्या इमारती मे महिन्यात रिकाम्या असतात. वर्ग, नळ, स्वच्छतागृहं, मैदान सगळं तयार. लागते ती किल्ली, शिपायाचा भत्ता आणि पंख्याची वीज. अर्ज डिसेंबरात दिला तर अंदाजपत्रकात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं, मिळण्याची आशा असते. मार्चमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षाचा समजावा. सिंहस्थाची कामं बारा वर्षं आधीपासून डोळ्यांसमोर असतात, मे महिना तर दर वर्षी येतो. असो.

छोट्या देणगीदारांसाठी एवढंच: देणगीवरची आयकर सवलत, जिला लोक ८०जी म्हणतात, ती दोन हजारांपेक्षा जास्त रोख रकमेला मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. तरी पावती घ्या, ती माझ्या वहीसाठी असते.

माझी मागणी तारखेची आहे. पुढच्या उन्हाळ्याचे पैसे दिवाळीत ठरवा. दिवाळीला जमलं नाही तर संक्रांतीपर्यंत. वीस दिवसांचं मानधन आधी बँकेत असलं, तर चांगल्या ताई दुसरीकडे कामाला लागण्याआधी आम्हाला त्यांना शब्द देता येतो. वह्या त्या टेबलावर ठेवल्या आहेत, कोणीही चाळाव्यात.

आणि अकरा कॅरम बोर्ड अजून पडून आहेत. कोणाच्या सोसायटीला, तालमीला हवे असतील तर आजच घेऊन जा. पोच मात्र लिहून द्यावी लागेल.