पुन्हा वाचलेले पुस्तक

(दृश्य: घाटमाथ्यावरचा रस्ता, स्ट्रॉबेरीचे वाफे, भिलार गावातील रंगवलेल्या भिंती)

सातारा जिल्ह्यात पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना भिलार हे गाव लागते. स्ट्रॉबेरीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध असलेले हे गाव 4 मे 2017 पासून ‘पुस्तकांचं गाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. वेल्समधील हे-ऑन-वे या जुन्या पुस्तकांच्या दुकानांनी भरलेल्या गावावरून ही कल्पना सुचली, परंतु भिलारने ती आपल्या पद्धतीने राबवली. येथे पुस्तके विकली जात नाहीत. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने सुरुवातीला 25 ठिकाणी सुमारे 15,000 पुस्तके ठेवण्यात आली, आणि त्यांसाठी गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या खोल्या व पडव्या मोकळ्या करून दिल्या. एका घरी कादंबऱ्या, दुसऱ्या घरी चरित्रे व आत्मचरित्रे, आणखी कोठे संतसाहित्य, कविता किंवा दिवाळी अंक, अशी ही मांडणी आहे. कोणीही यावे, बसावे, वाचावे. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र पुस्तक तेथेच वाचायचे आणि तेथेच ठेवून जायचे.

या शेवटच्या नियमामुळे एक गोष्ट घडते, आणि तिच्यातूनच आमच्या या माहितीपटाचा विषय निघाला. हाताशी तास-दोन तास असलेल्या वाचकाला एवढ्या वेळात नवी कादंबरी पुरी होणार नाही हे ठाऊक असते, त्यामुळे तो बहुधा ओळखीचेच पुस्तक शोधतो, कपाटातून ते काढतो आणि मनात ठरलेले पान उघडून वाचू लागतो. अशा वाचकांशी आम्ही बोललो. आवडते पुस्तक कोणते, आणि ते का आवडते, एवढेच आम्हाला विचारायचे होते. सुरुवातीची उत्तरे साधारण सारखी येत होती: भाषा सुंदर आहे, पात्रे जिवंत वाटतात, वाचताना डोळ्यांत पाणी येते. मग आम्ही प्रश्न थोडा बदलला. पहिल्यांदा वाचले तेव्हा का आवडले होते, आणि आज का आवडते, असे विचारू लागलो, आणि माणसे थांबून, आठवून बोलू लागली.

(दृश्य: कादंबऱ्यांचे दालन)

कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ घेऊन बसले होते. 1967 साली प्रसिद्ध झालेली, महाभारतातील कर्णावरची ही कादंबरी त्यांनी महाविद्यालयात असताना वाचली. घरातून महाविद्यालयापर्यंत पोहोचलेले ते पहिलेच, आणि वर्गात आडनावावरून माणसाची किंमत ठरते याचा अनुभव त्यांनी नुकताच घेतलेला. अंगी सामर्थ्य असूनही ‘सूतपुत्र’, म्हणजे सारथ्याचा मुलगा, म्हणून पदोपदी डावलला जाणारा कर्ण त्यांना आपला वाटला. त्या वयात कर्णाचा एकही दोष त्यांना दिसला नाही, आणि कोणी दाखवला असता तर त्यांनी तो ऐकूनही घेतला नसता.

पुढे काही वर्षांनी त्यांच्या हाती इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ पडले. तेही 1967 चेच पुस्तक; 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेऊन त्यांनी कुंती, गांधारी, द्रौपदी, भीष्म यांच्याकडे माणसे म्हणून पाहिले, आणि कर्णालाही त्या चौकशीतून सोडले नाही. द्यूतसभेत द्रौपदीचा अपमान करणारे शब्द कर्णाच्याही तोंडी आहेत, हे ‘मृत्युंजय’वर जीव लावलेल्या वाचकाला सोसणे कठीण जाते. या गृहस्थांनाही ते सोसले नाही. ‘युगान्त’ अर्धेच वाचून त्यांनी ग्रंथालयात परत दिले आणि कित्येक महिने पुन्हा त्याला हात लावला नाही.

नंतर मात्र ते दोन्ही पुस्तकांकडे परतले, आणि या खेपेस त्यांना ‘मृत्युंजय’ची रचना दिसली. ही कथा एकटा कर्ण सांगत नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, धाकटा भाऊ शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती येते. तरुणपणी कर्णाकडे लवकर पोहोचण्याच्या घाईत त्यांनी शोणाची आणि वृषालीची पाने भराभर उलटली होती. आज ते याच पानांसाठी पुस्तक उघडतात. थोरल्या भावाच्या मागे धावणारा, त्याचे तेज पाहून दिपणारा आणि तरीही स्वतःच्या डोळ्यांनी जग पाहणारा शोण हे आता त्यांचे आवडते पात्र आहे. आमच्या मते ‘युगान्त’ने त्यांचा कर्ण हिरावून घेतला नाही, त्याच्याभोवतीची माणसे त्यांना दाखवून दिली. एका पुस्तकाशी भांडून दुसऱ्या पुस्तकाचे अधिक चांगले वाचक होणे वाचनात क्वचितच साधते, आणि ज्याला ते साधते त्याचे बोलणे ऐकत राहावेसे वाटते.

(दृश्य: आत्मचरित्रांचे दालन, लक्ष्मीबाई टिळकांचे छायाचित्र)

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकांच्या हातात ‘स्मृतिचित्रे’ होते. या पुस्तकाची निवड करताना त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. लक्ष्मीबाई टिळकांना शालेय शिक्षण मिळालेले नव्हते. अक्षरओळख झाली ती विवाहानंतर, पती नारायण वामन टिळक यांच्यामुळे. त्याच बाईंनी उतारवयात मराठीतील एक थोर आत्मचरित्र लिहिले. ते 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले, आणि 1936 मध्येच लक्ष्मीबाई गेल्या.

शिक्षिकांनी प्रथम वाचला तो पाठ्यपुस्तकातील उतारा, आणि तेव्हा त्या मनसोक्त हसल्या होत्या. वडिलांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या टोकाच्या कल्पना, टिळकांचा विसरभोळेपणा, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन रिकाम्या हातांनी घरी येण्याची त्यांची सवय, हे सारे लक्ष्मीबाई ज्या सहजतेने सांगतात तिला तोड नाही. शिकवतानाही आपण कित्येक वर्षे ‘विनोदी लेखन’ म्हणूनच हा पाठ शिकवला, असे बाई म्हणाल्या.

पन्नाशीनंतर त्यांनी संपूर्ण पुस्तक सलग वाचले. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. लहान मुलाला घेऊन त्यांना काही वर्षे पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहावे लागले. त्या काळात अशा स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना करता येते. तरीही या प्रकरणांत कोणावर आरोप नाही, आणि स्वतःची कीव तर मुळीच नाही. दुःख जेवढे झाले तेवढेच सांगितले आहे. पुढे जातीची उतरंड देवाने नव्हे तर माणसाने घडवली, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि तेव्हापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यात विटाळ मानला नाही. नवऱ्याच्या मागोमाग धर्म बदललेली बाई असा जो सरधोपट समज आहे, तो ही पाने वाचल्यावर टिकत नाही. त्या टिळकांकडे परतल्या, आणि नव्या धर्माचा स्वीकार त्यांनी आपल्या वेळी, आपल्या विचाराने केला.

पूर्वी ज्या वाक्यांवर हसू येत असे त्या वाक्यांशी आता आपण थबकतो, असे शिक्षिका म्हणतात. विनोद तोच आहे, पण तो किती मोठे ओझे उचलून उभा आहे हे आता कळते. पुस्तकाविषयी एवढे नेमके बोलणे आम्ही समीक्षकांकडूनही फारसे ऐकलेले नाही.

(दृश्य: पडवीत बसलेले बहीण-भाऊ)

‘श्यामची आई’चे नाव अनेकांनी घेतले. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक आपण सर्वांनी बालपणी ऐकलेले असते, आणि म्हणूनच त्याविषयी काही नवे बोलणे अवघड असते. पण कऱ्हाडजवळच्या एका बहीण-भावाने आमच्यासमोरच त्यावरून वाद घातला. बहिणीचे म्हणणे, या पुस्तकाने आईवर फार भार टाकला. सगळे सोसणारी, सगळे शिकवणारी आई आदर्श ठरली आणि पुढच्या कित्येक आयांना त्या मापाने मोजले गेले. शेती करणाऱ्या भावाचे लक्ष आईकडे नव्हतेच. त्याला दिसत होते श्यामचे वडील. भाऊबंदकी, कर्ज, दारात येऊन बसणारा सावकाराचा माणूस, आणि एकेकाळी गावात मान असलेल्या गृहस्थाची मान खाली जाणे, हे सारे त्याने पुस्तकाबाहेरही पाहिले आहे. संस्कारांच्या गोष्टींचे पुस्तक म्हणून आपण ते मुलांच्या हाती देतो, पण ते कोकणातल्या एका कर्जबाजारी घराचा दस्तऐवज आहे, असे तो म्हणाला. आम्हाला दोघांचेही म्हणणे खरे वाटते. पुस्तकावर प्रेम असल्याखेरीज बहिणीनेही इतक्या तळमळीने तक्रार केली नसती.

माण तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकवणारा एक तरुण दर उन्हाळ्यात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचतो. नोकरी लागण्यापूर्वी त्याला त्यातील माणदेशी बोली आवडली होती. आता आवडतो तो धनगरांच्या वस्तीवर एकटाच आलेला कोवळा मास्तर, ज्याला शाळा भरवण्याआधी वस्तीचा विश्वास मिळवावा लागतो. वस्तीने अंगमेहनतीने तालीम बांधली, आणि त्यानंतर दुष्काळाने तीच वस्ती रिकामी केली, हा शेवटचा भाग मात्र तो दरवर्षी वाचतोच असे नाही.

(दृश्य: मुंबई, चाळीतील एक खोली)

शेवटची मुलाखत भिलारमधील नाही. मुंबईतील एका परिचारिकेने आम्हाला आपल्या घरी बोलावले, कारण तिला वडिलांसमोरच बोलायचे होते. तिचे पुस्तक म्हणजे दया पवार यांचे ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन, 1978 साली ग्रंथालीने प्रसिद्ध केलेले. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल सुगीला मिळणारा धान्याचा वाटा. महाविद्यालयात असताना तिने ते वर्तमानपत्राचे वेष्टण घालून घरी आणले, कारण वडिलांना ते घरात नको होते. गाव सोडून मुंबईला आल्यावर जे त्यांनी कधी उच्चारले नाही, ते कोणीतरी छापून काढले आहे, हे त्यांना ऐकून ठाऊक होते. तिला तेव्हा आवडला तो त्या लेखनाचा धीटपणा. लिहिता-वाचता झालेला दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार यांच्यातील संवादातून हे आत्मकथन उलगडते, आणि स्वतःकडे असे दुरून पाहता येते हे तिला नवे होते.

वडिलांची दृष्टी अधू झाल्यावर त्यांनीच एकदा ते पुस्तक वाचून दाखवायला सांगितले. ती वाचत गेली, आणि काही पानांनंतर वडील मध्येच थांबवू लागले. आमच्याकडे असे नव्हते, आमच्याकडे सुगीच्या वेळी धान्य अमुक घरून मिळायचे, अमुक घरचा माणूस लांबूनच टाकायचा, आजी ते कसे राखून ठेवायची, असे एकेक निघू लागले. चार पाने वाचायला संध्याकाळ लागायची. पुस्तक आज का आवडते, या प्रश्नाला तिचे उत्तर असे होते की, त्यामुळे आमच्या घरात बोलणे सुरू झाले. वडील सांगतात ते सर्व ती वहीत उतरवते. आजीचे, पणजीचे नाव, गावातील घरांचा क्रम, कोणत्या कामाला काय मिळे, सारे त्यात आहे. वही सध्या कुटुंबाने गाव सोडल्याच्या वर्षापर्यंत आली आहे, आणि मुंबईचा भाग अजून लिहायचा आहे.