कालवणापुरता मासा

माइकचा आवाज मागेपर्यंत येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय "मासे धरण्याचा सार्वजनिक हक्क". तो वाचून परवापासून दोघांनी फोन केला, गुरुजी तुम्ही वकिली कधी सुरू केलीत. वकिली नाही हो. मी शाळेत गणित शिकवलं आणि वयाच्या सातव्या वर्षापासून गरवतोय, म्हणजे गरीने, गळाने मासे धरतोय, तेवढ्या आधारावर बोलणार आहे.

आधी एक करा. ज्यांच्या घरात गरी आहे त्यांनी हात वर करा. पडवीत, माळ्यावर, कुठेही असू दे. बघा, निम्म्याच्या वर झाले. आता मासे विकून पोट भरतात त्यांनी हात वर करा. एकच, आमच्या ताई. म्हणजे या खोलीत चाळीसेक माणसं मासे धरणारी आणि सरकारी कागदावर त्यातल्या फक्त ताई. बाकीचे एकोणचाळीस कुठल्याच रजिस्टरात नाहीत. मला जे बोलायचंय ते या एकोणचाळीस जणांबद्दल.

आता तळ्याची गोष्ट. काहींनी ऐकलीय, परत ऐका. आमच्या वाडीच्या वर लघुपाटबंधाऱ्याचं धरण झालं तेव्हा मी नववीत होतो. आमच्या वडिलांची भाताची दोन खाचरं त्यात गेली. मोबदला मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या खाचरांत पहिल्या पावसाला चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला पाण्याविरुद्ध वर चढणारे, यायचे, रायगडात त्याला वलगण म्हणतात, आपल्याकडे चढण. रात्री बत्ती घेऊन बांधावर उभं राहायचं, पाणी फुटलं की मळ्ये, शेंगटी, एखादी वाम. वडील पहिल्या रात्री हात लावू द्यायचे नाहीत. माशाच्या पोटात गाबोळी म्हणजे अंडी असतात, आधी त्याला वर जाऊ दे, म्हणायचे. ते कुठल्या कायद्यात नव्हतं, आजोबांनी सांगितलेलं होतं. (आता काही ठिकाणी पाण्यात करंट सोडतात, त्यावर मी बोलायला लागलो तर संध्याकाळ जाईल, पुढे चलतो.)

तर खाचरं गेली, तळं आलं, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं आम्ही त्याच तळ्यावर गरी टाकून बसायचो. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात, नातीला घेऊन गेलो. अकरा वर्षांची पोर, पहिल्यांदाच. काडू, म्हणजे गांडूळ, गळाला कसा लावायचा ते शिकवलं, तिला आधी किळस आली, मग मजा वाटायला लागली. तासाभराने एक खवळा लागला, वीतभर. पोर एवढी ओरडली की पलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. आणि तेवढ्यात राखणदार आला. तलाव ठेक्याने दिलाय म्हणाला, गरी जमा करा, मासा सोडा. मी म्हटलं बाबा, तू बसलायस त्याच्या खाली पंधरा फुटांवर माझ्या बापाचं खाचर आहे. तो म्हणाला गुरुजी, मी तुमचाच विद्यार्थी, पण नोकरी आहे. खरंच होता, सहावी ब. त्याच्यावर मी रागावलो नाही, आजही नाही. गरी दिली. घरी येताना नात विचारते, आजोबा, आपण चोरी केली का?

ते डोक्यात बसलं. दुसऱ्या आठवड्यात एका कार्यालयात गेलो, म्हटलं मला घरच्या कालवणापुरते चार मासे गरीने धरायचेत, परवानगी कशी काढायची सांगा. साहेब भले होते, चहा पाजला. तुमची संस्था कोणती? म्हटलं संस्था नाही. मग व्यवसाय? म्हटलं तो नाही. मग पर्यटन प्रकल्प का? तोही नाही. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे फिरवून ठेवला, म्हणाले, गुरुजी, तुम्हीच बघा, तुम्हाला बसवू कुठल्या रकान्यात. मी बघितलं. रकानाच नव्हता. पाच वेळा गेलो त्यानंतर, दोन अर्ज दिले, उत्तर आलं नाही.

आता ठेकेदार सहकारी संस्थेची बाजू पण सांगतो, कारण ती खरी आहे. संस्था पैसे भरते, मत्स्यबीज विकत आणते, कटला-रोहूची बोटुकली सोडते, वर्षभर राखण ठेवते. उद्या अख्खा गाव पाग, फेकायचं जाळं, घेऊन उतरला तर त्या माणसांनी काय खायचं? हे मला मान्य आहे. पण खवळा कुणी सोडला होता? शेंगटी कुणी विकत आणली? ते आमच्या वहाळातून, ओढ्यातून, चढून आलेले. सगळं पाणी एकाच नावावर करताना हा फरक कुणी केलाच नाही, माझं दुखणं तेवढंच आहे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. विषय तर आता सुरू होतोय, भरभर सांगतो.

आपल्या देशात 1897 चा मत्स्य कायदा आला, इंग्रजांचा. त्यात स्फोटकं लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारायला बंदी. चांगलं कलम आहे, राहू दे. समुद्रासाठी राज्याचा 1981 चा कायदा, तो मुख्यतः बोटी, जाळी आणि परवाने यांचा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते ती माशाच्या विणीसाठी, तीही योग्यच. पण खडकावर बसून पालू-तांबोशी गरवणारा माणूस या सगळ्यात हक्काने कुठे उभा आहे ते मला सापडलं नाही. सापडला एकाच ठिकाणी, 2006 च्या वनहक्क कायद्यात, कलम 3 मध्ये. पाणवठ्यातले मासे हा सामूहिक हक्क म्हणून स्वच्छ लिहिलाय. पण तो जंगलावर जगणाऱ्या समाजांना. आपल्या कातकरी वाड्यांनी तो मागितलाच पाहिजे, त्यांना मदत लागली तर अर्ज लिहायला मी बसेन. कातकरी बाई खेकडे धरते ती हौस आहे की पोट आहे, ही रेष काढायला जाऊच नका, तिच्या पोरांना रात्री कालवण मिळतं.

आणि 1996 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने बियास नदीच्या खटल्यात सांगितलं की हवा, पाणी, समुद्र, जंगल ही सगळ्यांची ठेव, सरकार त्याचं विश्वस्त. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, हे आपल्या देवस्थानांच्या भांडणांत आपण चांगलं शिकलोय.

बाहेरचं एकच उदाहरण. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत 1910 साली घातलंय की सरकारी जमिनीवरून मासे धरणं हा लोकांचा हक्क, आणि सरकारने आपली जमीन विकली तरी तो हक्क राखूनच विकायची. मत्स्यबीज केंद्राच्या जागा वगळल्यात, आणि हंगाम कोणता, अटी काय, हे ठरवायचा अधिकार विधिमंडळाकडे ठेवलाय. म्हणजे हक्कही आहे आणि शिस्तही. आपल्याला एवढंच हवंय! तलावाच्या ठेक्यात एक ओळ, की काठावरून हातगरीने घरच्यापुरते मासे गावाला धरता येतील, विकायचे नाहीत, संस्थेच्या मासे वाढवायच्या पिंजऱ्यांपासून लांब, चढणीच्या दिवसांत बंद. खाडीकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटांना कुंपणं घातली जातायत, त्या ग्रामपंचायतीने नकाशावर नोंदवून घ्याव्यात. किती मासे, केवढ्या मापाचे, हे ताईंच्या लोकांना बरोबर बसवून ठरवू, त्यांना वगळून नाही.

वेळ संपली म्हणतायत. 15 ऑगस्टला ग्रामसभा आहे. ठरावाचा मसुदा लिहून आणलाय, झेरॉक्स दाराजवळच्या टेबलावर आहेत, वाचा, चुकलं असेल तिथे पेनाने खोडा आणि आज जातानाच मला परत द्या.