ती गाते कुठं, ती तर म्हणते

मंडळी, आज एका रेकॉर्डबद्दल बोलायचंय. रेकॉर्ड एकच, दोन बाजूंची, १९७१ सालची, एचएमव्हीची. नाव 'आय राइट, आय रिसाइट'. शब्द हिंदी सिनेमातल्या मीनाकुमारीचे, आवाज मीनाकुमारीचा, संगीत खय्याम यांचं. इथं किती जणांनी ऐकलीय, हात वर करा बघू... चार. बरं, म्हणजे मी उगाच आलो नाही.

मी ती पहिल्यांदा ऐकली मामाकडं, आणि मामाने पाच मिनिटांत सुई उचलली. म्हणाला, अरे ही गाते कुठं, आवाज बसलाय तिचा. आणि मलाही तेव्हा ते पटलं, कारण आपण लताबाई, आशाबाई ऐकून मोठे झालेले लोक, आपला कान त्या पट्टीत लागलेला, तिथं हा असा खालचा, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी श्वास ऐकू येणारा आवाज म्हणजे काहीतरी गडबड आहे असंच वाटणार. पुढं बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की चूक आमची होती आणि ती अगदी साधी चूक होती, कव्हरवर काय लिहिलंय ते आम्ही वाचलंच नव्हतं. आय राइट, आय रिसाइट. मी लिहिते, मी म्हणते. मी गाते असं बाई कुठंच म्हणत नाहीये!

आता 'म्हणणं' म्हणजे काय, ते जरा बघू. मुशायऱ्यात, म्हणजे उर्दू कवींच्या मैफलीत, शायर दोन तऱ्हांनी आपला कलाम, म्हणजे आपली रचना, पेश करतात. एक तहत, म्हणजे नुसतं बोलून, वजन सांभाळून. दुसरं तरन्नुम, म्हणजे एक छोटी चाल धरायची आणि तिच्यावर शेर, म्हणजे गझलेच्या दोन-दोन ओळी, म्हणायचे. तरन्नुममध्ये ताना नाहीत, आलाप नाहीत, चाल म्हणजे फक्त शब्द वाहून न्यायची हातगाडी. आपल्याकडं हे नवीन नाही हो. रविकिरण मंडळ ह्या जुन्या कवींच्या गटातले यशवंत, गिरीश आपल्या कविता गाऊनच दाखवायचे. सुरेश भट स्वतःच्या गझला तरन्नुममध्ये म्हणायचे, त्यांना ऐकताना कुणी 'सूर कसा लागलाय' असं विचारलं असतं का? शेर कसा उतरला एवढंच बघायचो आपण. मग मीनाकुमारीलाच गायिकेच्या परीक्षेला का बसवायचं?

आणि गंमत म्हणजे बाईंना गाणं अगदीच येत नव्हतं असंही नाही. घरातच संगीत होतं, वडील अलीबक्ष हार्मोनियम वाजवायचे. मूळ नाव महजबीन, लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर, पहिला सिनेमा १९३९ चा, विजय भट्ट यांचा. चाळीसच्या दशकात काही सिनेमांत ती स्वतः गायलीसुद्धा आहे, उदाहरणार्थ 'पिया घर आजा'. पण पुढं मोठी नायिका झाल्यावर तिचा गाण्यातला आवाज कायम दुसऱ्या कुणाचातरी. 'साहिब बीबी और गुलाम'मध्ये तिच्या ओठांवर गीता दत्त, 'दिल अपना और प्रीत पराई'मध्ये लताबाई, 'पाकीज़ा'तसुद्धा लताबाईच. मी तक्रार करत नाहीये, ती गाणी आपण जन्मभर ऐकणार आहोत. पण विचार करा, एवढी मोठी नटी, आणि पडद्यावर मन सगळ्यात उघडं पडतं ते नेमकं गाण्यात, तिथं चेहरा हिचा आणि आवाज परका. ह्या रेकॉर्डवर उलटं झालंय, चेहरा गेला आणि आवाज तेवढा राहिला, शब्दही तिचेच. 'नाज़' ह्या तखल्लुसने, म्हणजे टोपणनावाने, ती लिहायची.

खय्यामसाहेबांबद्दल थोडं बोलतो, कारण दुसऱ्या कुणाच्या हाती हे काम गेलं असतं तर वाट लागली असती असं माझं मत आहे. त्या काळात खय्याम म्हणजे सिनेमाच्या गर्दीत थोडे बाजूलाच असलेले. 'फिर सुबह होगी', 'शगुन', 'आखरी खत' होऊन गेलेले, आणि 'कभी कभी' यायला अजून पाच वर्षं. पण गैरफिल्मी काम त्यांनी मनापासून केलं, बेगम अख्तरांसाठीसुद्धा चाली बांधल्या. त्यांची एक सवय तुम्हाला माहीत असेल, शब्द पुढं आणि वाद्यं मागं. 'उमराव जान'च्या वेळी त्यांनी आशाबाईंना नेहमीच्या पट्टीच्या खाली गायला लावलं, आणि काय झालं ते आपण ऐकलंच आहे. मला तर वाटतं की खालच्या आवाजात काय काय मावतं ह्याचा एक धडा दहा वर्षं आधी ह्या रेकॉर्डवर गिरवला गेलाय. अर्थात हा माझा अंदाज, ते तसं कुठं म्हणालेत असा माझा दावा नाही. पण चाली ऐका, एकही चाल तिला अशा जागी नेत नाही जिथं आवाज ताणावा लागेल. ही दया नाही हं, ह्याला कारागिरी म्हणतात. शिंपी अंगावर माप घेतो ना, तसं.

आता 'चाँद तनहा है' ही गझल घ्या. रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा शब्द, इथं 'तनहा', एकटा. म्हणजे दर शेराच्या शेवटी तोच शब्द यायचाय हे मतल्यातच, पहिल्याच शेरात, कळून चुकतं, ऐकणारा वाटच बघत असतो. अशा वेळी हौशी माणूस काय करेल, दरवेळी त्या शब्दावर जोर देईल, कारण शब्द दुःखाचा आहे ना, मग दुःख दाखवायला नको? ती तसं करत नाही. ती शब्द ठेवून देते, नुसता, टेबलावर चावी ठेवावी तसा, आणि पुढं जाते. रडं ऐकणाऱ्याच्या बाजूला येतं, तिच्या बाजूला नाही. तीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेली नटी आहे ही. कुठं थांबायचं, अश्रू कितपत आत ठेवायचा, हे तिला कुणी शिकवायला नको. मामा म्हणाला होता की आवाज बसलाय. बसला नाहीये मामा, बसवलाय.

मग एवढं सगळं असताना ही रेकॉर्ड मागं का पडली? मला विचाराल तर तिची दंतकथाच तिला नडली. बघा ना, रेकॉर्ड १९७१ ची. 'पाकीज़ा' आला फेब्रुवारी १९७२ मध्ये, आणि ३१ मार्चला बाई गेल्या, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. त्यानंतर ह्या रेकॉर्डला रेकॉर्ड म्हणून ऐकणं जवळजवळ अशक्यच झालं. ती झाली आठवणीची वस्तू, ट्रॅजेडी क्वीनचा कबुलीजबाब. लोक त्यात तिचं लग्न शोधतात, दारू शोधतात, कोण सोडून गेलं ते शोधतात. पण अहो, गझलेतला 'मी' म्हणजे आधार कार्डावरचा 'मी' नसतो! गालिब प्रत्येक शेरात मरतो, म्हणून आपण त्याचा पंचनामा करत नाही. बाईने लिहिलं की मात्र लगेच ते डायरीचं पान. तिच्या कागदांतलं बरंचसं लेखन ती गुलज़ारांकडे सोपवून गेली, त्यांनी पुढं 'तनहा चाँद' नावाने संग्रह काढला, आणि तोही बहुतेक जण चरित्राची पुरवणी असल्यासारखाच वाचतात.

सगळंच थोर आहे असं मी म्हणणार नाही. सलग दोन्ही बाजू ऐकल्या तर मधे एक सुस्ती येते, लय फारशी बदलत नाही, आणि काही ठिकाणी शब्दांपेक्षा उसासा मोठा होतो. मी स्वतः एका बैठकीत एकच बाजू ऐकतो.

एक प्रश्न आलाय मागून, की उर्दू येत नसेल तर काय करायचं. फार काही नाही हो. तिची भाषा सोपी आहे, फारसीचा भडिमार नाही. माज़ी म्हणजे भूतकाळ, आग़ाज़ म्हणजे सुरुवात, अंजाम म्हणजे शेवट, रहगुज़र म्हणजे वाट, एवढ्यावर बरंच काम होतं. तिच्या कविता देवनागरीत छापलेल्या मिळतात, पहिल्यांदा ऐकताना त्या समोर ठेवा. दुसऱ्यांदा ऐकताना पुस्तक मिटा, आणि आवाज आहे त्यापेक्षा थोडा कमीच ठेवा, ती कानाशी बसून बोलतेय इतपत.